परब टीचरची सुट्टीची वही

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार, सकाळचे अकरा. रक्कम एकोणीस हजार सहाशे चाळीस रुपये. हजर चौघे: शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो, हेडमास्तर, पालक-शिक्षक संघाचा खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांच्याकडून ही रक्कम घ्यायची होती त्या लायब्ररियन, परब टीचर. शिपाई शांताराम दारात उभा होता, पण कागदावर त्याचं नाव नाही, म्हणून त्याला धरत नाही.

एकशे सत्त्याऐंशी पुस्तकं लायब्ररीत कमी भरली होती. मोजणारा मी. डिचोलीच्या एका पतसंस्थेत मी अठ्ठावीस वर्षं हिशेबाचं काम करतो. माझी मोजणी चुकत नाही असा लौकिक आहे, आणि त्या दिवशीही ती चुकली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो.

परब टीचर पेडण्याच्या. सकाळी सव्वासहाच्या बसने म्हापसा, म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून आमच्या गावची मिनीबस. तीन बसेस येताना, तीन जाताना, अशी वीस वर्षं. एकदा त्यांच्यासमोरच मी आकडा काढला. वर्षाचे दोनशे वीस दिवस धरले तर बसमध्ये चढण्याचे प्रसंग झाले सव्वीस हजार चारशे. त्या म्हणाल्या, "उतरायचे पण धरा. चढले तितक्यांदा उतरले असेन ना?"

बाई उंचीला कमी, अंगाने काटक. मनगटावर पुरुषी घड्याळ. हातात नायलॉनची पिशवी, तिच्यात कात्री, दाभण, दोरा आणि खळीची बाटली. शुक्रवारी घरी जाताना म्हापशाच्या बाजारात उतरून शिंप्यांकडून उरलेली चिंधी वजनावर घ्यायच्या, आणि शनिवारी तिच्यात फाटकी पुस्तकं बांधायच्या. आमच्या शाळेतल्या शब्दकोशाला फुलाफुलांच्या ब्लाउजपिसाचं कव्हर होतं. अकरा वाजता लायब्ररीचं दार लोटून दहा मिनिटांत पोई, म्हणजे गव्हाचा पाव, आणि पातळ भाजी खायच्या. त्या दहा मिनिटांत हेडमास्तरांनी बोलावलं तरी जायच्या नाहीत.

त्या येण्याआधी लायब्ररीच्या कपाटांना कुलपं असत. कारण उघड आहे. पुस्तक हरवलं तर लायब्ररियनने भरून द्यायचं, हा शाळांचा जुना रिवाज. म्हणून शहाणा लायब्ररियन पुस्तक देतच नाही. निवृत्त होताना त्याची सगळी पुस्तकं जागच्या जागी, कोरी करकरीत असतात, आणि त्याबद्दल त्याचा सत्कार होतो. परब टीचरनी पहिल्या आठवड्यात कुलपं काढून शांतारामकडे दिली आणि म्हणाल्या, "तुका घराक होयी तर व्हर." म्हणजे, घरी हवी तर ने.

वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक लायब्ररीचा तास असतो, पस्तीस मिनिटांचा. तो तास गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक पोर्शन पुरा करायला घेत. परब टीचर वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. शिक्षक पाच मिनिटांत खडू खाली ठेवायचे.

आणि इतकं भांडून मिळवलेल्या तासात त्या मुलांना काहीच शिकवायच्या नाहीत. मुलं विचारायची, "टीचर, हांव किदें करूं?" उत्तर पेडण्याच्या बोलीत यायचं, "माका काय म्हायत? तास तुजो." आठवीतला एक मुलगा चार आठवडे खिडकीशी बसून नुसती नखं कुरतडत होता. पाचव्या आठवड्यात त्याने डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक काढलं, आणि वर्ष संपेपर्यंत त्यातली प्रत्येक आकृती वहीत उतरवली. त्याचा बाप सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. बाप हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आला, की मी पोराला ट्रकपासून लांब ठेवायला शाळेत घातलं आणि तुमची टीचर त्याला ट्रकच शिकवते. परब टीचरनी ती वही त्याच्यापुढे ठेवली. माणूस अर्धा तास वही चाळत बसला. जाताना म्हणाला, "हो पंप तर उलटो काडला." दुसऱ्या दिवशी पोराने पंप खोडून सुलटा काढला होता.

लायब्ररीत बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात मुलांनीच लिहिलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या. ज्याला काही सुचत नसेल त्याने एक उचलायची, उत्तर शोधायचं, आणि मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव आणि पान लिहून परत टाकायची. आमोण्याच्या पुलाखाली पाणी खारट का लागतं. सुसरीला जीभ असते का. टीचरना थेट विचारलं तर म्हणायच्या, "उत्तरं मी येताना पेडण्यात ठेवून येते. बसमध्ये जड होतात."

एका वर्षी मुलांनी पुस्तकं लावायची स्वतःची पद्धत काढली. विषयवार नाही, अकारविल्हे नाही. एक खण 'आजीला वाचून दाखवायची', एक 'चित्रं चांगली, मजकूर कंटाळवाणा', आणि एक 'अर्धी सोडलेली'. या शेवटच्या खणातल्या प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी असायची: कोणत्या पानावर सोडलं आणि का. तपासणीला आलेल्या साहेबांनी एक पुस्तक उघडलं. चिठ्ठी होती, "पान ३१. इथून पुढे लेखक उपदेश करतो." खाली सही माझ्या मुलीची, इयत्ता सातवी. साहेबांनी विचारलं, ही कसली व्यवस्था? परब टीचर म्हणाल्या, "तिला विचारा. मी इथे नोकरीला आहे, व्यवस्था त्यांची." साहेबांनी शेऱ्यात 'असमाधानकारक' लिहिलं. पण जाण्यापूर्वी त्या खणासमोर ते बराच वेळ उभे होते, आणि एकदा हसले, असं शांताराम सांगतो.

माझा आणि त्यांचा पहिला खटका याच मुलीवरून. तिने वाचावं म्हणून मी पुस्तकामागे दहा रुपये ठरवले होते. तिने ते लायब्ररीत सांगितलं. परब टीचरनी मला निरोप पाठवून बोलावलं आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "खजिनदार, हे बंद करा. आज दहा घेते, उद्या जाड पुस्तकाचे वीस मागेल, आणि परवा तुमच्याकडे पैसे नसले की वाचणार नाही." मला राग आला. पण आकडे त्यांचेच बरोबर होते. मुलगी तोवर फक्त बारीक पुस्तकं आणू लागली होती.

मोठ्या माणसांशी त्यांचं बोलणं असंच. स्टाफरूममध्ये त्या चहा घ्यायच्या नाहीत. वार्षिक अहवाल मागितला तर म्हणायच्या, "काय लिहू? मुलं आली, बसली, उठली." वीस वर्षांत त्यांनी आपल्या कामाबद्दल एक पान लिहून दिलं नाही. हा त्यांचा दोष होता असं मी आजही मानतो. कागदावर जे नसतं ते नसतंच, हे मला माझ्या धंद्यात रोज दिसतं. त्यांना ते कधी पटलं नाही, आणि शेवटी भोवलं.

भाईंचं बिनसलं ते ट्रकांवरून. तेव्हा खाण जोरात होती. नववीच्या काही मुली लायब्ररीच्या तासाला खिडकीत बसून खनिजाचे भरलेले ट्रक मोजायच्या. पस्तीस मिनिटांत त्रेचाळीस. एका ट्रकात दहा टन, म्हणजे चारशे तीस टन. धुळीने छातीला काय होतं ते त्यांनी आरोग्याच्या पुस्तकातून काढलं, आणि सगळं एका मोठ्या कागदावर मांडून भिंतीवर लावलं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी भाई लायब्ररीत आले. त्यांचे स्वतःचे सहा ट्रक त्या रस्त्याला होते.

"टीचर, ह्या पोरांक मेजपाक दुसरें कांय मेळ्ळें ना?"

"मिळालं असतं. खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं."

"आनी हे कोणाचे ट्रक तें बरयलां?"

"खाली कोपऱ्यात आहे. पोरींना नंबर पाठ आहेत."

भाई मोठ्याने हसले. सगळे हसले. सोमवारी कागद भिंतीवर नव्हता.

आता सुट्टीच्या वहीबद्दल. दर वर्षी परीक्षा संपली की परब टीचर मुलांना पुस्तकं न्यायला सांगायच्या. हवी तितकी. एक लांबट वही टेबलावर असायची, तिच्यात मुलानेच लिहायचं: पुस्तकाचं नाव, स्वतःचं नाव, आणि कधी आणीन. तारीख टीचर ठरवायच्या नाहीत, मूल ठरवायचं. दंड नाही. मी ती वही पाहिली आहे. 'आजोळाहून आल्यावर.' 'पाचवा धडा समजला की.' 'गणेश चवथीपर्यंत, कारण आई पण वाचते.' अशा नोंदींना आमच्या पतसंस्थेत कोणी कर्ज दिलं नसतं. पण दर जूनमध्ये पुस्तकं येत होती. वर्षाला चार-पाच राहायची, तितकी त्या पगारातून आणून ठेवायच्या.

त्या मेअखेर निवृत्त होणार होत्या. नवा लायब्ररियन नेमलेला नव्हता. संस्थेने ठरवलं, त्या जाण्याआधी मोजणी करायची, आणि काम मला दिलं. परब टीचर म्हणाल्या, "जूनच्या पंधरा तारखेला मोजा." हेडमास्तर म्हणाले, "जूनमध्ये तुम्ही कुठे असणार? मेमध्येच व्हायला हवं." ना-देय प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय त्यांची ग्रॅच्युइटी निघणार नव्हती, आणि मोजणी झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

मी तीन दिवस मोजलं. नोंदवहीत चार हजार दोनशे अठरा, कपाटांत चार हजार एकतीस. वजाबाकी एकशे सत्त्याऐंशी. मग टीचरनी दिलेली सुट्टीची वही मी एकेका नावाशी ताडून पाहिली. एकशे सत्त्याऐंशीपैकी एकशे ऐंशी पुस्तकं त्या वहीत होती. म्हणजे सातच खरी बेपत्ता. माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथे मला 'सुट्टीसाठी मुलांकडे' इतकंच लिहायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, "शेरे घातले की गोंधळ होतो. तुम्ही फक्त आढळ आणि न-आढळ लिहा." मी रकाना कोरा ठेवला आणि वही टीचरना परत दिली. आकडा बरोबर होता.

शुक्रवारच्या बैठकीत भाईंनी तक्ता पुढे ओढला. न आढळलेल्या पुस्तकांची नोंदवहीतली किंमत नऊ हजार आठशे वीस, आजच्या भावाने दुप्पट धरायची, असं त्यांनीच सांगितलं.

"पुस्तकं मुलांकडे आहेत," परब टीचर म्हणाल्या. "शाळा उघडली की येतील."

"कोणाकडे?"

"मुलांकडे."

"नांवां सांगा मगो. तुमची ती वही द्या. आमी पालकांक नोटीस काडटात, जो पुस्तक हाडचो ना ताणें पैशे भरचे. तुमी सुटल्यात."

खाण एव्हाना बंद पडली होती. त्या वहीतली निम्मी नावं ट्रकवाल्यांच्या आणि मजुरांच्या घरांतली होती, काही घरं दोडामार्ग, सावंतवाडीकडे परत गेली होती. शाळेच्या शिक्क्याची, दुप्पट पैशांची नोटीस अशा घरात गेली की त्या घरातलं मूल पुन्हा पुस्तक आणत नाही. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"वही नाही मिळत," त्या म्हणाल्या.

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "खजिनदार, तुम्ही पाहिली होती ना?"

वही त्या घटकेला त्यांच्या नायलॉनच्या पिशवीत होती. लाल पुठ्ठ्याचा कोपरा मला दिसत होता. मी म्हणालो, "पाहिली होती. आता कुठे आहे ते सांगता येणार नाही."

नावांपुरतं मी तोंड मिटलं. पण एकशे ऐंशी नोंदी मी स्वतः ताडल्या आहेत, सातच पुस्तकं कमी आहेत, एवढं तरी सांगता आलं असतं. नावं न देताही सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

भाई म्हणाले, "तर मग टीचर, पैशे."

"सोमवारी आणते."

सोमवारी त्या आल्या. मुदतठेव मोडून आणलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. मी मोजल्या. हेडमास्तरांनी पावती लिहिली: 'हरवलेल्या पुस्तकांपोटी'. टीचरनी ती वाचून परत सरकवली.

"हरवलेली नाहीत. मुलांकडे असलेली, असं लिहा."

"तसं लिहिता येत नाही, टीचर."

"मग एकशे सत्त्याऐंशी पुस्तकांची किंमत मिळाली, असं लिहा. पैसे मी देते तर पुस्तकं माझी."

"बरय रे," भाई हेडमास्तरांना म्हणाले. "तांकां तितलेंच समाधान."

दुसरी पावती झाली. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रही मिळालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं पुस्तकं घेऊन आली. लायब्ररीला कुलूप; इतकी पुस्तकं हरवतात तर उघडी कशाला ठेवायची, असं संस्थेचं म्हणणं. मुलं दाराशी उभी राहून ऑफिसात गेली. शांतारामला सांगितलं होतं, घ्यायची आणि पोत्यात भरायची. एका मुलीला आधी नोंद करायची होती. तिने विचारलं, "वहींत बरोवपाक जाय मगो?" शांताराम म्हणाला, "आतां वही ना." तिने पुस्तक पोत्यात टाकलं नाही. टेबलावर ठेवलं, आणि वळून दोनदा पाहून गेली. जुलैअखेर तीन पोती झाली. दोडामार्गाहून तीन पुस्तकं एका बसच्या कंडक्टरबरोबर आली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर शाळेचं नाव. मी तिन्ही पोती ओतून मोजली. एकशे त्र्याहत्तर. कमी चौदा. चौदांची किंमत नोंदवहीने सातशे पस्तीस, दुप्पट चौदाशे सत्तर.

या वेळी मी शेरा लिहिला. अठरा हजार एकशे सत्तर रुपये परब टीचरना परत करावेत, किंवा पावतीप्रमाणे पुस्तकं त्यांच्या घरी पोचवावीत, असं लेखी दिलं. भाईंनी वाचून कागद माझ्याकडे सारला. "तुमीच मेजिल्लीं न्हय, खजिनदार? सय तुमची. आतां दुसरो आकडो खंयच्यान हाडलो?"

मेच्या तक्त्यावर सही माझीच होती, शेऱ्याचा रकाना कोरा.

ऑगस्टच्या सुरुवातीला, शुक्रवारी, म्हापशाच्या बसस्टँडवर परब टीचर भेटल्या. पेडण्याच्या बसच्या रांगेत होत्या. हातात भाजीची पिशवी. मी एका दमात सगळं सांगितलं, एकशे त्र्याहत्तर, चौदा, अठरा हजार एकशे सत्तर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"परत आणलेल्यांपैकी दुसरं पुस्तक कितीजणांनी नेलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, लायब्ररी बंद आहे. तास पुन्हा गणिताला गेलाय.

"म्हणजे कोणीच नाही."

"कोणीच नाही."

"मग पैशांचं काय घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला त्या दिवशी एक ओळ लिहायची होती, खजिनदार. ती लिहिली असती तर दार उघडं राहिलं असतं."

बस लागली. रांग हलली. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, दांड्याला धरून वर चढल्या, आणि माझ्याकडच्या नव्हे, पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

परब टीचरनी भरलेल्या एकोणीस हजार सहाशे चाळीस रुपयांपैकी अठरा हजार नऊशे, बंद लायब्ररीत दोन कॅमेरे बसवणाऱ्या दुकानदाराला दिले गेले. उरलेले सातशे चाळीस म्हापशाच्या एका कापडदुकानाला, परब टीचरच्या निरोप समारंभाच्या शालीसाठी. समारंभाला त्या आल्या नाहीत. शाल पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांना घातली. दोन्ही व्हाउचरवर खजिनदाराची सही आहे.